कोरा रकाना

दारोदार फिरून लोकांच्या राहणीची पाहणी करणाऱ्या माणसाच्या हाती एक छापील तक्ता असतो. घरात माणसे किती, शिक्षण काय, धंदा कोणता, हे लोक खुशाल सांगतात. पण ‘उत्पन्न किती?’ असे विचारले की पुष्कळ घरे अबोल होतात. कोणी हसून विषय बदलतो, कोणाला खरोखरच ठाऊक नसते. तो रकाना कोरा राहतो. त्याचे करायचे काय, हा प्रश्न दिसायला गणिताचा आहे; माझ्या मते तो नीतीचाही आहे.

सोपा मार्ग म्हणजे तो तक्ताच बाजूला टाकणे. पण मग त्या माणसाने दिलेली बाकीची उत्तरेही फुकट गेली. शिवाय गप्प राहणारे पुष्कळदा एकाच थरातले असतात. त्यांना वगळले की उरते ते बोलक्यांचे चित्र, आणि आपण त्याला समाजाचे चित्र म्हणतो. दुसरा मार्ग म्हणजे इतरांची सरासरी तिथे लिहून मोकळे होणे. यात तर अंदाजाला साक्षीदाराच्या जागी उभे केले जाते.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रूबिन यांनी निराळा मार्ग सुचवला आणि १९८७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कोरी जागा एकदाच भरू नका, अनेकदा भरा. त्या माणसाचे वय, शिक्षण, धंदा यांवरून जी जी उत्पन्ने संभवतात, त्यांतली एक दर खेपेस चिठ्ठी काढल्यासारखी उचला. असे पाच संच झाले, तर दिलेली उत्तरे पाचांतही तीच राहतात. बदलतात त्या फक्त भरलेल्या जागा. अमेरिकेची मध्यवर्ती बँक कुटुंबांच्या सांपत्तिक स्थितीची जी पाहणी करते, तिच्यात १९८९ पासून असेच पाच संच ठेवतात.

पाच संचांची पाच उत्तरे एकत्र कशी करायची? वाचकहो, भिऊ नका. हिशेब घरगुती आहे. समजा, सरासरी उत्पन्न ४८, ५०, ५२, ४९ आणि ५१ हजार आले. त्यांची सरासरी ५०. प्रत्येक उत्तरात आपापल्यापुरती १ हजाराची डळमळ आहे. मग एकत्रित उत्तराची डळमळही तेवढीच का? नाही. पाचांमधला आपसांतला मतभेदही मोजावा लागतो. ५० पासूनच्या अंतरांचे वर्ग ४, ०, ४, १, १, बेरीज १०. तिला पाचांहून एक कमी, म्हणजे ४ने, भागले की २.५. संच पाचच केले, म्हणून त्याचा पाचवा हिस्सा आणखी मिळवायचा, झाले ३. त्यात मूळ डळमळीचा वर्ग १ मिळवला की ४, आणि वर्गमूळ २. डळमळ दुप्पट झाली!

मला या हिशेबाचे मोल वाटते ते इथे. घरच्या बैठकीत पाच जण पाच मते देतात आणि कर्ता पुरुष बाहेर येऊन सांगतो, ‘सर्वांचे एकमत झाले.’ त्याने काढलेला मध्यम मार्ग कदाचित योग्यही असेल. पण मतभेद पुसून टाकला, तेवढे असत्य झालेच. रूबिन यांचा नियम मध्यही सांगतो आणि मतभेदही झाकत नाही.

अर्थात हा नियम सर्वज्ञ नव्हे. एखादा धनिक आपले धन अफाट आहे म्हणूनच गप्प राहिला, आणि त्याच्या इतर उत्तरांत त्याचा मागमूस नसला, तर पाचही अंदाज मिळून चुकतील, आणि तेही एकमताने! म्हणून आपण काय गृहीत धरले ते उघड सांगावे, आणि ते बदलले तर उत्तर किती हलते हेही पाहावे.

आणखी एक पथ्य आहे. भरलेला आकडा समुदायाच्या हिशेबापुरता असतो. त्या गप्प राहिलेल्या माणसाच्या नावावर तो कधी मांडू नये. ‘तुमचे उत्पन्न इतके’ असे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याला सांगता येते ते एवढेच, की त्याला वगळून आम्ही हिशेब केला नाही आणि त्याच्या मौनाची किंमत आमच्या खात्रीतून वजा केली.