वेशीतील आशीर्वाद

नव्या सुनेने उंबरठा ओलांडला म्हणजे वडील मंडळी तिचे घर भरो असा आशीर्वाद देतात, व तो मनापासून देतात. पण दोन-चार वर्षे लोटली आणि पाळणा हलला नाही, की त्याच मुखांतून कुजबूज निघू लागते. ख्रिस्ती घरेही या दोषापासून मुक्त नाहीत. मग घर भरो असे जे आपण म्हटले, त्याचा अर्थ तरी काय? बेथलेहेमाच्या वेशीत उच्चारलेला एक आशीर्वाद वाचकांनी यासाठी आमच्याबरोबर पाहावा, अशी आमची विनंती आहे. तो रूथच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे.

प्रसंग सर्वांस ठाऊकच आहे. दुष्काळामुळे मवाबात गेलेली नामी पती व दोन पुत्र गमावून परतली. बरोबर मवाबी सून रूथ. सातूच्या हंगामात सरवा वेचून रूथ सासूचे पोट भरू लागली. पुढे बवाजाने दहा वडिलांस वेशीत बसवून मृताचे वतन सोडविण्याची गोष्ट काढिली. जवळचा नातलग आधी कबूल झाला. पण वतनाबरोबर रूथही येणार असे ऐकताच आपले स्वतःचे वतन बिघडेल म्हणून मागे सरला, व पायतण काढून देऊन मोकळा झाला. हिशेबी गृहस्थ! त्याचे नावसुद्धा ग्रंथकाराने राखिले नाही.

बवाज मात्र मागे सरला नाही. तेव्हा वडिलांनी व लोकांनी साक्षी होऊन, घरात येणाऱ्या त्या स्त्रीस राहेल व लेआ यांची उपमा दिली, आणि बवाजाचे घराणे तामारेच्या पुत्राच्या, म्हणजे पेरेसाच्या, घराण्यासारखे व्हावे असे मागितले. ही नावे पाहून आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. लेआ नावडती. राहेल आवडती खरी, पण पुष्कळ वर्षे मूल नाही म्हणून बहिणीचा हेवा करणारी, व शेवटी बेथलेहेमाच्याच वाटेवर बाळंतपणात मेलेली. तामारेची कथा तर मंडळीत वाचताना वाचणाऱ्याचा आवाज खाली येतो. ती विधवा, सासऱ्याने तिचा हक्क बुडविला, आणि अखेरीस ती आपल्याहून अधिक नीतिमान आहे असे त्यालाच कबूल करावे लागले. बवाज याच तामारेचा वंशज. वडिलांनी घराण्याची ही लाज झाकून ठेविली नाही. परकी सून येत असता तीच पुढे मांडिली. जणू तिला सांगितले की आमच्या आज्यांनीही दुःख भोगिले आहे, तू एकटी नाहीस.

आणखी एक बारीक गोष्ट. अनुवादाच्या 23 व्या अध्यायात मवाब्यांस परमेश्वराच्या मंडळीत येण्याची मनाई आहे, आणि बवाजाने साक्षीदारांपुढे तिला मवाबी असेच म्हटले होते. वडिलांच्या आशीर्वादात मात्र तो शब्द नाही. त्यानंतर पुस्तकात तो तिला पुन्हा चिकटत नाही. नव्या बंधुभगिनींस अजून पूर्वीच्या जातीवरून ओळखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता संतानाविषयी. राहेल व लेआ यांनी इस्राएलाचे घर बांधिले असे वडील म्हणाले, आणि इब्री भाषेत बांधणे व पुत्र हे शब्द कानाला जवळचे लागतात. तेव्हा पुत्र झाला तरच घर झाले, असे कोणी म्हणेल. ओबेद जन्मला, त्याचा इशाय, इशायाचा दावीद, हे खरे; मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तामार व रूथ या दोघींची नावे लिहिली, हेही खरे. परंतु ओबेद मांडीवर असताही शेजारणींनी नामीला सुनेची थोरवी सांगितली, की ती सात पुत्रांहून अधिक आहे. ही थोरवी बाळाने आणिली नव्हती. रूथ विधवा झाली तेव्हा तिच्या पदरी मूल नव्हते. तरी ज्या दिवशी ती सासूबरोबर वाटेला लागली, त्याच दिवशी नामीच्या ओसाड घराचा पाया पुन्हा घातला गेला.

आणि ते दहा वडील? आशीर्वाद देण्यापूर्वी ते साक्षी झाले होते. मांडव उतरला म्हणून साक्षीदार सुटत नाही. पाळणा रिकामा असलेल्या घरी सायंकाळी प्रार्थनेस जाणारा उपदेशक, किंवा पाणवठ्यावर त्या सुनेची निंदा निघताच पुढे होऊन तिच्या डोक्यावर घागर चढवून देणारी शेजारीण, ही माणसे आम्ही त्या वेशीत बसलेल्यांतच मोजतो.