वंशावळ कोणाच्या गरजेची?

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २०२३ साली मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले आणि जालना जिल्ह्यासह सगळ्या मराठवाड्यात लोक आपापल्या वंशावळी शोधू लागले. निजामकाळातल्या जुन्या नोंदी तपासायला शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. पण एखाद्या नोंदीत ‘कुणबी’, म्हणजे शेतकरी, असा उल्लेख सापडला, तरी तो माणूस आपलाच पूर्वज आहे हे वंशावळीनेच दाखवावे लागते. आरक्षणाच्या प्रश्नावर मतभेद आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. वंशावळ गरजेपोटी लिहिली जाते, म्हणून ती वाचताना रक्ताच्या नात्याबरोबर त्यामागची गरजही वाचली पाहिजे.

जालन्याला लागूनच सिंदखेडराजा आहे. निजामशाहीतले मातब्बर सरदार लखुजी जाधव तिथले. हे घराणे स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानते. यादवांचे राज्य १३१८च्या सुमारास बुडाले आणि लखुजी पुढे आले ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या अडीच शतकांचा सांधा मुख्यतः कुलपरंपरेवर उभा आहे. खुद्द यादवांनाही असा सांधा हवा होता. त्यांचा मंत्री हेमाद्री याने ‘व्रतखंडा’च्या प्रशस्तीत त्यांचे कुळ थेट चंद्रापर्यंत नेले. सत्ता हाती आली की तिला शोभेल असे मूळ शोधले जाते. आज शोधाची दिशा उलटली आहे. तेव्हा पूर्वज राजा असावा लागे, आता शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरही हेच घडले. समुद्रमार्गे आलेल्या रोलो या नॉर्स सरदाराला ९११च्या सुमारास तिथला मुलूख मिळाला. पुढे शतकभरात दुदो या धर्मपंडिताने रोलोच्या वंशातल्या नॉर्मन ड्यूकांचा इतिहास लिहिला आणि त्यांच्या डेन पूर्वजांचे नाते ट्रॉयच्या अँटेनॉरशी जोडले. बाराव्या शतकात रॉबर्ट ऑफ टोरिन्यी याने अनेक उमराव घराण्यांची मुळे नॉर्मन ड्यूकची पत्नी गुन्नोर हिच्या बहिणी आणि भाच्यांपर्यंत नेऊन पोचवली. इतिहासकारांनी हे दुवे जुन्या दानपत्रांशी ताडून पाहिले. काही टिकले, काही डळमळले. डळमळलेले दुवेही निरुपयोगी ठरले नाहीत, कारण बाराव्या शतकात कोणाचा नातलग म्हणवून घेण्यात मान होता, हे त्यांतूनच कळते.

तिथे मान बायकांच्या नात्यातून आला. आपल्याकडे वतनाचा वारसा मुलाकडे जाई, म्हणून वंशावळीत मुलगेच राहिले. १६२९ साली दौलताबादेत लखुजींबरोबर त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, तसेच नातू यशवंतराव मारले गेले. पण महाराष्ट्राच्या मनात हे घराणे आहे ते लेकीमुळे, जिजाबाईंमुळे. पुरुषांपुरत्या वंशावळीत मात्र लेकीची शाखा पुढे सरकत नाही.

आज जातीच्या दाखल्यासाठीही प्रामुख्याने वडिलांकडचेच नातलग विचारले जातात. दाखल्यापुरते ते ठीक असेल, पण घरात जपायच्या वंशावळीला तेवढ्यावर थांबण्याचे कारण नाही. तिच्यात आई, आजी आणि सासरी गेलेल्या लेकी याव्यात. कुठले नाव कागदावरून आले आणि कुठले ऐकीव आहे, हेही नोंदवावे. ऐकीव म्हणून ते पुसायचे नाही, आणि कागद म्हणूनही मिरवायचे नाही. या नोंदी आत्ताच करायला हव्यात. ज्यांना ही नावे तोंडपाठ आहेत ती पिढी थकत चालली आहे.