जादा निघालेले पैसे

बँकेत मी कॅश काउंटरवर बसायचे. 1988 साली एका पेन्शनच्या दिवशी, संध्याकाळी कॅश टॅली करताना पाचशे रुपये जादा निघाले. स्लिपा तीनदा तपासल्या, चूक सापडली नाही. नियमाप्रमाणे रक्कम संड्रीत, म्हणजे किरकोळ जमा खात्यात, टाकली, रजिस्टरात नोंद केली. मागायला कुणीच आलं नाही. त्यातला एक रुपयाही मी घरी नेला नव्हता. पण त्या सकाळी नोटा न मोजताच पिशवीत कोंबून गेलेल्या एका आजी माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीत.

म्हणूनच इंग्रज लेखक डॅनियल डिफोची ‘कॅप्टन सिंगलटन’ ही 1720ची कादंबरी मी वाचते ती चाचेगिरीसाठी नाही, शेवटच्या भागासाठी. हिंदी महासागरात जहाजं लुटून गबर झालेला सिंगलटन चाच्यांना सोडून बसऱ्याला येतो. सोबत विल्यम हा क्वेकर पंथाचा डॉक्टर. चाच्यांत येताना याने ‘मला जबरदस्तीने नेलं’ असं लिहून घेतलेलं असतं, इतका तो धोरणी. बसऱ्यात सिंगलटन झोपेत ओरडू लागतो, आपण चोर आहोत असं बरळतो. लूट ज्याची त्याला परत दिल्याशिवाय पश्चात्ताप खरा कसा, हा प्रश्न त्याला इतका छळतो की तो जीव द्यायला निघतो. विल्यम त्याला अडवतो. धनी कोण, कुठे आहेत हे ठाऊक नाही, आणि टाकून दिलं तर ते भलत्याच्याच हाती जाईल. म्हणून जपून ठेवू, देव वाट दाखवील तेव्हा योग्य ते करू, असं तो समजावतो.

हे म्हणणं मला अर्धंच पटतं. धनी सापडत नाही म्हणून धन आपलं होत नाही, हे विल्यम जाणतो. पण संड्रीतल्या रकमेला मी हात लावला नव्हता. या दोघांनी मात्र त्याच पैशावर पुढचं आयुष्य काढलं. विल्यमच्या गरीब विधवा बहिणीला मदत गेली हे चांगलंच झालं, पण ती काही लुटलेल्यांपैकी नव्हती.

डिफोला हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. 1685 साली राजाविरुद्धच्या मॉन्मथच्या बंडात तो शस्त्र घेऊन उतरला. कित्येक साथीदार फासावर गेले, त्याला माफी मिळाली. पैशाचं देणं मात्र असं माफ होणारं नव्हतं: 1692 मध्ये त्याचं दिवाळं वाजलं, देणं सतरा हजार पौंड. पुढे ते पाच हजारांवर आणल्याचं त्याने स्वतःच सांगितलं आहे. त्या देण्याचे धनी निदान नावानिशी वहीत होते.

हाच प्रश्न आपल्याकडच्या गोष्टीतही आहे. लहानपणी माझी आजी वाटसरूंना लुटणाऱ्या वाल्या कोळ्याची गोष्ट सांगायची. एक खून, एक खडा, असे सात रांजण भरले. बायकामुलं पापाची वाटेकरी व्हायला नाही म्हणाली, वाल्या रामनामात बसला, अंगावर वारूळ चढलं. लुटीचं काय झालं, हे आजीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नामाने माणूस आतून बदलतो यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. तरी ज्यांची वाट अडवली गेली त्यांच्या घरी त्या रात्री चूल पेटली का, हे मला आता विचारावंसं वाटतं.

सिंगलटन इंग्लंडला परततो तो ग्रीक म्हणून. दाढी ठेवायची, परका वेश घालायचा, घराबाहेर इंग्रजीचा शब्द काढायचा नाही, अशी अट तो स्वतःच घालून घेतो. पैसा घरात, आणि स्वतःची भाषा उंबऱ्याच्या आत कोंडलेली.