रात्री अडीचचा रेडिओ

चि. ताईस,

जळगाव-धुळ्याच्या एफएम केंद्रांवर आपत्तीचा इशारा देणारी यंत्रणा बसवायचं काम तुझ्याकडे आलं, आनंद वाटला. तू पाठवलेले यंत्रांच्या किमतींचे तक्ते मात्र मी बाजूला ठेवलेत. रात्री अडीच वाजता तुमच्या स्टुडिओत कोण असतं, ते आधी सांग.

कोणी नसतं. गाणी संगणक वाजवत असतो. म्हणून इशाऱ्याची जोडणी स्टुडिओतल्या मिक्सरवर करू नकोस. पुढे कर, ऑडिओ प्रोसेसरच्या तोंडाशी. इशारा आला की रिलेने चालू गाणं अर्ध्यात तोडलं पाहिजे. यंत्रच बंद पडलं तर त्याच रिलेने आपोआप मूळ कार्यक्रमाकडे परतलं पाहिजे, नाहीतर एका फ्यूजपायी केंद्र मुकं होईल. इंटरनेट दोन वेगळ्या वाटांनी घे. जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ऐन पावसात डिझेलची टाकी कोरडी निघालेली मी माझ्या नोकरीत पाहिली आहे.

आता खरी गोम. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा सी-डॉटने बनवली आहे. हवामान खातं, केंद्रीय जल आयोग यांचे इशारे तिच्यातून ‘कॅप’ या आंतरराष्ट्रीय साच्यात निघतात. धोका कुठल्या भागाला, किती गंभीर, कधीपर्यंत, हे सारं त्या साच्यात असतं. त्यावरून कुठल्या केंद्राने काय वाजवायचं ते ठरतं. तू सरळ जिल्ह्याची चाळणी लावशील, आणि तिथेच फसशील.

हतनूरचं बघ. धरणाचे 41 दरवाजे. ते उघडतात तेव्हा कित्येकदा जळगावात लख्ख ऊन असतं. पाऊस झालेला असतो वर मध्य प्रदेशात, नाहीतर पूर्णेच्या खोऱ्यात. तेच पाणी पुढे शिरपूर-शिंदखेड्याच्या काठाने वाहतं, म्हणजे धुळे जिल्ह्यातून. हतनूरच्या विसर्गाचा इशारा दोन्हीकडे हवा. उलट पांझरेला पूर आला, अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं, तर जळगाव शहरातल्या माणसाला झोपेतून उठवायचं कारण नाही. 31 ऑगस्ट 2021ला रात्रभराच्या पावसाने तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, तो इशारा मात्र जळगावचा. तेव्हा नकाशा नद्यांचा काढ, जिल्ह्यांचा नको. एक दिवस पाटबंधारे खात्याच्या माणसांसोबत बस.

आणि कुलूप. डिजिटल सही न पटलेला संदेश प्रक्षेपणावर जाता कामा नये, मग तो कोणाच्याही नावाने येवो. मी हट्टाने सांगतो, कारण अफवेने काय होतं ते आपण दोन्ही जिल्ह्यांत पाहिलंय. 1 जुलै 2018ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारलं. 22 जानेवारी 2025ला पाचोऱ्याजवळ परधाडे इथे गाडीला आग लागल्याच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून लोक उतरले आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीखाली सापडले. अमेरिकेच्या हवाई राज्यात तर 13 जानेवारी 2018ला सरकारी यंत्रणेनेच क्षेपणास्त्राचा खोटा इशारा दिला. दुरुस्ती यायला 38 मिनिटं लागली. ‘इशारा रद्द’ हा संदेश पहिल्याच दिवशी ध्वनिमुद्रित करून ठेव. तो लागेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

मजकूर वीस सेकंदांचा, दोनदा. नदीचं नाव, गावांची नावं, काय करायचं. ‘सखल भागातील नागरिकांनी सतर्कता बाळगावी’ ऐकून कोणी गुरं सोडत नाही. अहिराणीतही मुद्रित कर, आणि ते शहरातल्या निवेदकाकडून नको, घरी अहिराणी बोलणाऱ्याकडून करून घे.

पहिली चाचणी मे महिन्यात घे, पावसाच्या आधी. आदल्या दिवशी दिवसभर सांगत राहा की ही चाचणी आहे. वेळ रात्री अडीचचीच ठेव. मी इथे रेडिओ लावून बसतो. ऐकू आलं की फोन करीन, नाही आलं तर लगेच करीन.

तुझा मामा