बहिणीचा त्याग

२००५ सालच्या कायद्याने हिंदु कन्येस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत पुत्राबरोबरीने जन्मसिद्ध हिस्सा दिला. तरी भावाच्या लाभात बहिणीने लिहून दिलेली हक्कसोडपत्रे वकिलाच्या हाताखालून जातच असतात. 'स्वखुशीने' हा शब्द त्यांत न चुकता असतो. ती खुशी कोठून उपजली, हे कोणी विचारीत नाही. कॅरोलाइन हर्शेलचे चरित्र वाचताना हाच प्रश्न मनात घोळत राहिला.

हॅनोव्हर येथे १७५० साली जन्मलेल्या या मुलीची वाढ दहाव्या वर्षी ज्वराने खुंटली, आणि आईने तिला घरकामासाठीच राखून ठेविले. १७७२ साली थोरला भाऊ विल्यम तिला इंग्लंडात घेऊन गेला, तो आईला मोलकरीण ठेवता यावी म्हणून वर्षासन लावून देऊनच. मुलगी घरातून सुटली ती अशी, बदली देऊन! बाथ शहरी ती गायिका म्हणून नावारूपास येत होती. पण भावास आकाशाचे वेड लागले. तो दुर्बिणीचा आरसा तासन्‌तास घाशी, हात काढता येत नसे. तेव्हा ती त्याला घास भरवी. १७८१ साली त्याला युरेनस सापडला, राजाश्रय मिळाला, आणि हिचे गाणे संपले.

मग वर्षानुवर्षे रात्री तो दुर्बिणीशी, ही लेखणी घेऊन. दिवसा गणित हिचे. सुमारे अडीच हजार तेजोमेघ व तारकागुच्छ या जोडीने नोंदविले. स्वतः तिने १७८६ ते १७९७ या काळात आठ धूमकेतू शोधले. तरी आपण भावाचे केवळ हत्यार, असेच ती म्हणे.

पुष्कळांस यात निष्काम कर्म दिसेल. मला तसे म्हणवत नाही. फळ आपले आहे हे ज्याला कधी कळूच दिले नाही, त्याने ते सोडले असे कसे म्हणावे? विल्यमच्या बाजूने मात्र एवढे नोंदविले पाहिजे की, तिला दुर्बीण त्यानेच दिली आणि राजाकडे तिच्यासाठी वेतनही त्यानेच मागितले. १७८७ साली सालीना पन्नास पौंड मंजूर झाले. आपल्या मर्जीने खर्चावयास मोकळा असा आयुष्यातील हा पहिलाच पैसा, असे तिने लिहून ठेविले आहे. तेव्हा तिचे वय सदतीस होते.

१८२२ साली भाऊ वारल्यावर ती हॅनोव्हरला परतली. तेथे तिने ते सारे तेजोमेघ पुतण्या जॉन याच्या सोयीसाठी नव्या क्रमाने लावून दिले. या कामाबद्दल लंडनच्या खगोल संस्थेने तिला १८२८ साली सुवर्णपदक दिले. तेव्हा तिला हुकूम करणारे घरात कोणी उरले नव्हते. हे दान मी तिचे मानतो.