विसर्जित मतदारसंघाचा वारस कोण?

२००८पर्यंतचा ठाणे लोकसभा मतदारसंघ आज नाही. ठाणे लोकसभा मतदारसंघ मात्र आहे. विधान विसंगत वाटले तरी दप्तरी दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या परिसीमन आयोगाने २००१च्या जनगणनेवरून सीमा नव्याने आखल्या. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पसरलेला, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक असलेला हा मतदारसंघ फुटला आणि कल्याण हा वेगळा मतदारसंघ झाला. मग जुन्याचा वारस कोणता? त्याआधी, मतदारसंघ म्हणजे नेमके काय: जमीन, माणसे की नाव?

जमीन म्हणावे, तर ती कधी ठरलेली नव्हतीच. पहिल्या दोन निवडणुकांत ठाण्यातून एकदम दोन खासदार जात, त्यांतली एक जागा आदिवासींसाठी राखीव असे. १९५७ला शामराव परुळेकर आणि लक्ष्मण मातेरा हे दोघेही कम्युनिस्ट निवडून आले. परुळेकरांमागे वारली आदिवासींच्या लढ्याची पुण्याई होती. १९६१च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले, पुढे डहाणूचा पट्टा वेगळा झाला. १९७७ला रामभाऊ म्हाळगी ज्या ठाण्यातून लोकसभेत गेले, त्याचे परुळेकरांच्या ठाण्याशी नावापलीकडे साम्य थोडेच होते.

माणसांच्या बाजूने पाहिले तर गुंता वाढतो. खासदार प्रकाश परांजपे यांच्या निधनानंतर २००८च्या पोटनिवडणुकीत आनंद परांजपे जुन्या ठाण्याचे खासदार झाले. वर्षभरात, २००९ला, ते कल्याणमधून निवडून आले आणि ठाण्याची जागा संजीव नाईक यांच्याकडे गेली. खासदार एका तुकड्याबरोबर गेला, नाव दुसऱ्याकडे राहिले.

उरले नाव, तेही दगा देते. मुंब्रा-कळवा ठाणे महापालिकेत, पण लोकसभेला मत कल्याणच्या उमेदवाराला. उलट दुर्गाडी किल्ला आणि काळा तलाव ज्या जुन्या कल्याणात आहेत, ते कल्याण पश्चिम भिवंडी मतदारसंघात मोडते. स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला उतरले की खासदार बदलतो! कल्याणच्या खासदाराला खुद्द जुने कल्याण मत देऊ शकत नाही, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही.

‘मिलिंदप्रश्ना’त भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? एकही भाग रथ नाही, तरी रथ नाही असेही नाही; भागांच्या मेळाला दिलेले ते नाव. मतदारसंघाला हे चपखल लागू पडते. पण त्याच ग्रंथातला आंब्याच्या चोराचा दाखला अधिक मोलाचा आहे. चोर म्हणतो, मालकाने जमिनीत लावलेला आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा. तरीही तो दोषी ठरतो, कारण दुसरा आंबा पहिल्यातूनच आला. तेच नाही आणि अगदी वेगळेही नाही, अशा धाग्यावर नागसेन कर्माची जबाबदारी टिकवून धरतो.

लोकशाहीत हा धागा हिशेबाचा असतो. ज्यांनी निवडून दिले त्यांनीच पाच वर्षांनी जाब विचारायचा. सीमा हलली की काही मतदारांना नवाच खासदार मिळतो, आणि ज्याला जाब विचारायचा तो त्यांच्या मतपत्रिकेवर नसतो. लोकसंख्येनुसार मताचे वजन सारखे राखायचे तर सीमा हलवाव्याच लागतात, हे मान्य. पण न्यायाची ती किंमत आहे आणि ती क्वचितच बोलली जाते.

रशियात तर हा धागा जवळपास नऊ वर्षे तुटलाच होता. दूमा या तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे २२५ एकसदस्य मतदारसंघ २००७च्या निवडणुकीपासून रद्द झाले, सर्व ४५० जागा पक्षयाद्यांतून भरल्या गेल्या. २०१६ला मतदारसंघ परत आले ते नव्या सीमा घेऊन. काहींची नावे जुनी असली तरी मधल्या काळात हिशेब द्यायला तिथला असा कोणी प्रतिनिधीच नव्हता.

भारतात मात्र राज्यांच्या वाट्याच्या लोकसभा जागा १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गोठवल्या आणि २००१च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही गोठवणूक २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. म्हणूनच २००८ला महाराष्ट्राच्या ४८ जागा कायम राहिल्या, हलल्या त्या फक्त आतल्या रेघा.