ठरलेला निकाल आणि कर्त्याचे स्वातंत्र्य

ज्या झुंजीचा निकाल, झुंजणाऱ्यांनी रिंगणात पाऊल टाकण्यापूर्वीच, तिसऱ्या कोणी मुक्रर करून ठेवलेला असतो, त्या झुंजीत कर्त्याचे स्वतःचे असे काय उरते? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले, त्या प्रश्नाशी याचे नाते अगदी निकटचे आहे; आणि ज्या चरित्राने मला तो पुन्हा विचारावयास लावला ते कोणा तत्त्वज्ञाचे नसून, बेकी लिंच या नावाने जगास परिचित असलेल्या रिबेका क्विन या आयरिश मल्लस्त्रीचे आहे.

१९८७ साली लिमरिक येथे जन्मलेली आणि डब्लिनमध्ये वाढलेली ही मुलगी २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ब्रे या समुद्रकाठच्या गावी फर्गल डेव्हिट यांच्याकडे व्यावसायिक कुस्ती शिकू लागली. सप्टेंबर २००६ मध्ये जर्मनीतील एका सामन्यात तिच्या डोक्यास जबर इजा झाली. पुढे कित्येक वर्षे ती रिंगणापासून जवळजवळ दुरावलीच; एर लिंगसच्या विमानांत तिने हवाई सेविकेची नोकरी केली, डब्लिनमध्ये नाट्यशिक्षण घेतले, आणि २०१३ साली अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या संस्थेत ती नव्याने शिकाऊ म्हणून दाखल झाली.

आपल्या तालमींत नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली, कुस्ती निंद्य मानली जाते, आणि ती तशीच मानली पाहिजे. कारण कोल्हापूरच्या खासबागेत बसलेला माणूस बळाचा निवाडा पाहावयास आलेला असतो, आणि त्याच्या विश्वासाचा तेथे घात होतो. उलट व्यावसायिक कुस्तीच्या प्रेक्षकाला निकाल आगाऊ ठरलेला असतो हे ठाऊक असते; फसवणूक नाही, म्हणून असत्यही नाही. परंतु तिला निव्वळ नाट्य म्हणून मोकळे होणेही बरोबर नव्हे. रंगभूमीवरचा भीम दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणतो तेव्हा नटाची मांडी शाबूत राहते; येथे मात्र पाठ खरोखरीच फळ्यांवर आदळते. पडणारी हनुवटी छातीशी घट्ट धरते, उचलणारी तिची मान सांभाळते, आणि त्या एका क्षणापुरता एकीचा देह दुसरीच्या हाती अमानत म्हणून सोपविलेला असतो. जयापजयाचा हुकूम वरून आलेला असला, तरी ही अमानत जपण्याची जबाबदारी कोणत्याही दप्तरातून येत नाही. ती सर्वस्वी त्या दोघींची असते. कर्त्याचे स्वातंत्र्य मला दिसते ते नेमके येथे.

आणि नियतीची म्हणून जी संहिता मानवी हातांनी लिहिली जाते, तिच्यावरही आणखी कोणाची तरी सत्ता चालते. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अनपेक्षित ठोशाने लिंचचे नाक मोडले, मेंदूस आघात झाला, आणि काही दिवसांवर येऊन ठेपलेला राँडा राउझीविरुद्धचा सामना रद्द करावा लागला; तथापि रक्ताने माखलेल्या मुद्रेने प्रेक्षकांच्या गर्दीत उभी राहिलेली ती स्त्री लोकांच्या मनात अशी काही ठसली की, ७ एप्रिल २०१९ रोजी न्यू जर्सीत रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वार्षिक सोहळ्याच्या इतिहासात प्रथमच स्त्रियांचा सामना समारोपाचा म्हणून झाला, तेव्हा तीच विजयी ठरली. हा विजय कोणी दिला? लिहिणाऱ्यांनी, लोकांनी, की त्या आकस्मिक ठोशाने? मला वाटते, फळाचा दाता कोण हे शोधीत बसल्याने कर्माचे मोल वाढतही नाही आणि घटतही नाही.

मे २०२० मध्ये, आपण आई होणार असल्याचे सांगून, तिने आपला विजेतेपदाचा पट्टा असुका या जपानी मल्लस्त्रीच्या स्वाधीन केला; ऑगस्ट २०२१ मध्ये ती परतली. ज्या कर्मात देह खरा झिजतो आणि परक्याचा देह खऱ्या काळजीने जपला जातो, त्याला केवळ निकाल ठरलेला आहे म्हणून मिथ्या म्हणण्यास मी तयार नाही.